दर दोन-तीन वर्षांनी संस्था मरगळते आणि सगळं काम तिघा-चौघांवर येतं: बिघाड कुठे आहे तो शोधायचा कसा

प्रॉब्लेम असा असतो. संस्था सुरू होते तेव्हा पंधरा-वीस जण उत्साहाने येतात, पहिलं वर्ष झकास जातं, दुसऱ्या वर्षी मीटिंगला निम्मेच दिसतात, तिसऱ्या वर्षी हिशोब, फोन, पत्रव्यवहार, कार्यक्रम सगळं तिघा-चौघांच्या गळ्यात, मग त्यातलं कोणीतरी आजारी पडतं, किंवा दोघांचं वाजतं, किंवा एखादा नुसताच फोन उचलायचा बंद करतो, आणि काम ठप्प. मग ठरतं की नवीन स्वयंसेवक आणूया. आवाहन जातं, लोक येतात, महिना-दोन महिने बरं चालतं आणि परत तेच. मुलांना शिकवणारी संस्था असो, प्राण्यांसाठी काम करणारी असो, पेशंटच्या नातेवाइकांना मदत करणारा गट असो नाहीतर मोफत सॉफ्टवेअर बनवणारा प्रोजेक्ट असो, जिथे बहुतेक काम बिनपगारी माणसं करतात तिथे हे चक्र थक्क व्हावं इतकं सारखं दिसतं.

यावर नेहमीचं निदान ठरलेलं, "माणसं कमी पडतात". मला हे पटत नाही. माणसं येत असतात, काम हातात घेणंही सोपं असतं, अवघड असतं ते काम खाली ठेवणं. एकदा हिशोब तुमच्याकडे आला की तो तुमचाच, सोडतो म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडतात, "मग करणार कोण" असा प्रश्न येतो, आणि सोडणाऱ्याला आपण दगा देतोय असं वाटायला लागतं. ज्या संस्थेत काम सन्मानाने खाली ठेवायची सोय नाही तिथून माणूस दोनच वाटांनी बाहेर पडतो, मोडून पडतो नाहीतर गायब होतो. आणि नवीन आलेले हे बघत असतात बरं का. त्यांना कळतं की इथे हो म्हटलं की सुटका नाही, म्हणून ते हो म्हणतच नाहीत, कडेकडेने राहतात, आणि आपण म्हणतो हल्ली कोणाला तळमळच नाही. तळाला गळणाऱ्या टाकीत वरून कितीही पाणी ओता, तसं भरती मोहिमांचं होतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं "बाहेर पडायचा रस्ता" नीट करण्याबद्दल आहे.

आधी तपासून बघा

एक कागद घ्या, संस्थेत वर्षभरात जी जी कामं परत परत होतात ती सगळी लिहून काढा, अगदी बारीकसुद्धा, म्हणजे मीटिंगचा निरोप कोण टाकतं, देणगीची पावती कोण करतं, वेबसाइटचं डोमेन रिन्यू कोण करतं, किल्ली कोणाकडे असते. प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहायची. हे काम शेवटचं कोणी केलं, आणि त्या माणसाचा फोन आजपासून महिनाभर बंद राहिला तर कोण करेल. दुसऱ्या रकान्यात "बघू", "सगळे मिळून", "शिकून घेईल कोणीतरी" असं काही चालणार नाही, नाव पाहिजे आणि त्या माणसाने ते काम निदान एकदा तरी स्वतः केलेलं पाहिजे. सॉफ्टवेअरवाले याला बस फॅक्टर म्हणतात, किती माणसं अचानक नाहीशी झाली तर काम थांबेल तो आकडा. छोट्या संस्थांमध्ये बहुतेक कामांचा आकडा एक निघतो, आणि धोक्याचं म्हणजे तो एक बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो.

या तपासणीत मोठी कामं कमी आणि फुटकळ गोष्टी जास्त सापडतात. बँकेचा ओटीपी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या खजिनदाराच्या मोबाइलवर जातोय. फेसबुक पेजचा ॲडमिन एकच आणि तो परदेशी गेलाय. देणगीदारांची यादी कोणाच्यातरी पर्सनल लॅपटॉपवर, आणि त्या लॅपटॉपचा बॅकअप नाही. नियमावलीची सही-शिक्क्याची मूळ प्रत नेमकी कोणत्या घरात आहे ते कोणालाच माहीत नाही. यातलं जे एका संध्याकाळी निस्तरता येतं ते त्याच आठवड्यात निस्तरा, संस्थेच्या नावाचा वेगळा ईमेल काढा, सगळी खाती त्याच्यावर घ्या, पासवर्ड निदान दोघांकडे ठेवा. बँकेचं लांबतं, पण अर्ज तरी लगेच टाका.

एक सूचना करते, ही यादी बनवताना जो सगळ्यात जास्त काम करतो त्याने पहिला अर्धा तास काही बोलायचं नाही. तो बोलला की बाकीच्यांचं डोकं बंद होतं, आणि त्यांना काय माहीत नाही हे कळतच नाही. तेच तर आपल्याला शोधायचंय.

दुसरी तपासणी थोडी अवघड आहे. गेल्या दोन वर्षांत जे सोडून गेले त्यांना फोन करा. परत या म्हणायला नाही, नुसतं विचारायला की सोडलं तेव्हा काय झालं होतं. लोक बोलतात, खरंच बोलतात, आणि बऱ्याच वेळा निघतं की सोडायचं असं त्यांनी ठरवलंच नव्हतं, एक मीटिंग चुकली, मग दुसरी चुकली, मग ग्रुपवर लिहायला लाज वाटायला लागली आणि राहूनच गेलं. म्हणजे त्या माणसाचा कामावरचा जीव गेलेला नव्हता, फक्त परत यायला दार दिसत नव्हतं.

जो मोडतो तो सगळ्यात चांगला कार्यकर्ता का असतो

बर्नआउट हा शब्द आता ऑफिसमध्ये सगळ्यांच्या तोंडी असतो पण तो अभ्यासात आला तो अशाच एका संस्थेतून. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करायचे, तिथे स्वयंसेवक होते, आणि स्वतःचं आणि त्यांचं काय होतंय हे बघून त्यांनी १९७४ साली त्यावर लेख लिहिला. त्यात त्यांनी जे मांडलंय ते आपल्या कामाचं आहे, सगळ्यात जास्त झोकून देणारी, मनापासून करणारी माणसंच यात सापडतात. आणि थकव्याची त्यांनी सांगितलेली लक्षणं नुसती "दमलोय" अशी नाहीत. माणूस चिडका होतो, हट्टी होतो, कोणतीही नवीन गोष्ट सुचवली की आधी नाही म्हणतो, जास्त जास्त तास काम करतो आणि हातून कमी कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या मान्य केली त्यातही तीनच गोष्टी आहेत, शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि काम पूर्वीसारखं न जमणं. आणि त्यांनी ते आजारात धरलेलं नाही, कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून धरलंय. म्हणजे दोष माणसाच्या मनोबलात शोधू नका, कामाच्या मांडणीत शोधा.

तुमच्या संस्थेत "हल्ली फार तिरसट झालेत, कोणाचं ऐकतच नाहीत" असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं ते लोक एकदा आठवून बघा. त्यातले बरेच जण स्वभावाने तसे नसतात, दमलेले असतात. त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही. त्यांच्या हातातली दोन कामं कमी करून तीन महिने थांबा आणि मग बघा, माणूस बदललेला दिसतो.

मुख्य दुरुस्ती: प्रत्येक कामाला शेवटची तारीख

सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो म्हणून यावर जरा जास्त लिहिते. कोणालाही कुठलंही काम देताना ते कधी संपणार ते त्याच वाक्यात सांगायचं. "तू हिशोब बघशील का" असं विचारायचं नाही, "मार्चअखेरपर्यंत हिशोब बघशील का, फेब्रुवारीत आपण पुढचा माणूस शोधू" असं विचारायचं. एवढ्याने हो म्हणणारे वाढतात, कारण लोकांना कामाची भीती कमी असते, त्यात अडकून पडायची जास्त असते. मुदत संपली की काम आपोआप सुटलं असं धरायचं, पुढे चालू ठेवायचं असेल तर त्या माणसाने मुद्दाम हो म्हणायला पाहिजे. बहुतेक संस्थांत याच्या बरोबर उलटं असतं, गप्प राहिलं तर चालू आणि सुटायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायला भिडेखातर वर्षं जातात.

पदांची मुदत बऱ्याच संस्थांच्या घटनेत लिहिलेली असतेच, अध्यक्ष तीन वर्षं, सचिव तीन वर्षं वगैरे, पण वार्षिक सभेत "हेच पुढे चालू ठेवावेत" असा ठराव टाळ्यांनी पास होतो आणि मुदत कागदावर राहते. त्यामुळे लागोपाठ किती वेळा राहता येईल याची मर्यादा घाला, दोन टर्म पुरे, मग निदान एक टर्म बाहेर. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांची संघटना १९३५ पासून चालू आहे आणि तिच्या गटांमध्ये सेवेची पदं ठरावीक काळाने फिरवण्याची पद्धत आहे, कितीही चांगलं करत असलात तरी मुदत झाली की दुसऱ्याला जागा. एखाद्या कर्तबगार माणसाला असं बाजूला होताना बघून वाईट वाटतं खरं, पण त्यामुळे प्रत्येक गटात ते काम आधी करून झालेली चार-पाच माणसं तयार असतात, आणि नव्या माणसाला अडलं की विचारायला कोणीतरी असतं.

तारखेबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे "नाही" आणि "आहे" यांच्या मधली जागा. माणूस एकतर कार्यरत नाहीतर गेलेला असं दोनच प्रकारांत मोजलं तर ज्याच्या घरी बाळ झालंय, ज्याची परीक्षा आहे, ज्याचे वडील आजारी आहेत तो कुठे बसणार? सरळ तीन याद्या ठेवा, कामात असलेले, सुट्टीवर असलेले आणि निवृत्त. सुट्टीला कारण विचारायचं नाही, फक्त परत कधी विचारू ती तारीख लिहून ठेवायची आणि त्या तारखेला एकदाच प्रेमाने विचारायचं. डेबियन नावाचा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट १९९३ पासून जगभरातल्या स्वयंसेवकांवर चाललाय, तिथे याची रीतसर व्यवस्था आहे, जे बरेच दिवस दिसले नाहीत त्यांची विचारपूस करणारी एक वेगळी टीमच आहे, आणि जो सांगून बाजूला होतो त्याला निवृत्त सदस्याचा मान राहतो आणि परत यायचं म्हटलं तर नवख्यासारखं सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. त्यांचा प्रमुखसुद्धा दरवर्षी मतदानाने निवडला जातो. इतक्या वर्षांत तिथे कित्येक माणसं आली आणि गेली, काम चालू आहे.

काम सोपवताना काय चुकतं

सोडणारा माणूस शेवटच्या आठवड्यात एक लांबलचक फाइल लिहून देतो, नवीन माणूस ती उघडतो, तिसऱ्या पानावर कंटाळतो आणि मग रोज फोन करतो, आणि जाणारा सुटतच नाही. कारण ज्याला काम येतं त्याला आपल्याला काय काय येतं हेच सांगता येत नाही, त्याच्या हातात बसलेलं असतं ते. म्हणून उलटं करा, टिपण नवीन माणसाने लिहायचं. एकदा त्याने शेजारी बसून बघायचं, दुसऱ्यांदा स्वतः करायचं आणि जुन्याने शेजारी बसायचं, तिसऱ्यांदा एकट्याने करायचं आणि अडलं तरच फोन, आणि या तिन्ही वेळा जे जे अडलं ते नवीन माणसाने स्वतःच्या भाषेत लिहायचं. एक पान, फार तर दोन. त्यात कोणाला भेटायचं, कोणाशी जपून बोलायचं, कुठला फॉर्म कधी भरायचा हे आलं की झालं. पुढच्या वेळी तेच पान पुढचा माणूस दुरुस्त करेल.

वर्षातून एकदाच होणाऱ्या कामांना हे जमत नाही, उदाहरणार्थ ऑडिट, वार्षिक अहवाल, मोठा कार्यक्रम. तिथे पुढच्या वर्षीचा माणूस या वर्षीच ठरवून त्याला जोडीला घ्यायचा. काहीजण म्हणतील एवढी माणसं कुठून आणायची. त्याचं उत्तर खाली येतंय.

संस्थापकाचं काय करायचं

हा सगळ्यात नाजूक भाग, आणि बऱ्याच ठिकाणी खरा अडथळा इथेच असतो. ज्याने संस्था उभी केली, पदरचा पैसा घातला, लोकांची बोलणी खाल्ली, त्याला तुम्ही बाजूला व्हा असं कोण सांगणार? आणि सांगूही नये, निदान तसं. त्या माणसाबद्दलची कृतज्ञता खरी असते आणि ती असायलाच हवी. पण प्रत्येक निर्णय "एकदा त्यांना विचारून घेऊ" म्हणत त्यांच्यापाशी जाऊन थांबत असेल तर पुढची फळी तयार होत नाही, ते कितीही मोठ्या मनाचे असले तरी होत नाही. कारण निर्णय घेणं हे निर्णय घेऊनच येतं, काही चुकीचे घेऊनसुद्धा.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती बनवली आणि जवळपास तीन दशकं शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. जुलै २०१८ मध्ये एका बदलावरून झालेल्या खूप कटू वादानंतर ते त्या जागेवरून बाजूला झाले, आणि आपला वारस नेमून दिला नाही, आता कसं चालवायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाले. लोकांनी काही महिने चर्चा केली, कारभाराचे सात वेगवेगळे प्रस्ताव लिहिले गेले, डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची समिती निवडून आली. त्या पहिल्या समितीत ते स्वतःसुद्धा निवडून आले होते, पण पाचातले एक म्हणून, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांनी माघार घेतली. पाचातले दोनपेक्षा जास्त एकाच कंपनीत काम करणारे नकोत असाही नियम त्यात आहे, म्हणजे संस्थापकाच्या जागी दुसरं कोणी एकहाती येऊन बसू नये याचीही काळजी घेतली गेली.

आपल्याकडच्या छोट्या संस्थेत यातलं घेण्यासारखं एवढंच की मधली पायरी ठेवा. अध्यक्षपदावरून उतरून थेट "मार्गदर्शक" झालं की सगळे निर्णय परत त्यांच्याकडेच जातात, फक्त आता जबाबदारी दुसऱ्याची. त्यापेक्षा त्यांना एखादं ठरावीक, त्यांच्या आवडीचं काम द्या, जुने फोटो आणि कागदपत्रं लावणं, नवीन लोकांशी बोलणं, एखादा उपक्रम, आणि कार्यकारिणीच्या मीटिंगपासून निदान सहा महिने त्यांनी लांब राहायचं असं त्यांच्याशीच बोलून ठरवा. आणि हे भांडण झाल्यावर ठरवू नका, सगळं गोडीत चाललंय तेव्हा ठरवा. वाद पेटल्यावर तेच बोलणं हकालपट्टी वाटते.

पैसा

इथे दोन-तीन गोष्टींवरच बोलते. खजिनदार वर्षानुवर्षं एकच असेल, कधी सुट्टी घेत नसेल आणि कोणाला पासबुक दाखवायला टाळत असेल तर तो कितीही प्रामाणिक असला तरी ही मांडणी वाईट आहे, त्याच्यासाठीही वाईट, कारण उद्या कोणी बोट दाखवलं तर त्याच्याकडे साक्षीदारच नाही. पैसे काढायला दोन सह्या, बँक स्टेटमेंट खजिनदाराशिवाय आणखी एकाला थेट, आणि दर महिन्याला एका पानावर जमा, खर्च, शिल्लक सगळ्यांसमोर. संशयाचा प्रश्नच येत नाही, उलट पुढच्या माणसाला हिशोब घ्यायची हिंमत यानेच होते. गबाळा हिशोब कोणीच अंगावर घेत नाही.

शिल्लक किती ठेवायची तर सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिन्यांचा कायमचा खर्च हाताशी असावा असं सांगितलं जातं, भाडं, फोन, असतील ते पगार. एखाद्या कामासाठी म्हणून आलेली देणगी यात धरायची नाही, ती त्याच कामाची. आणि एकाच देणगीदारावर संस्था उभी असेल तर मघाचाच प्रॉब्लेम तिथेही आहे, तुम्हाला त्याला सोडता येत नाही, मग तो सांगेल ते उपक्रम, त्याला हवा तो कार्यक्रम. वर ज्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचं सांगितलं त्यांनी तर बाहेरच्या देणग्या घ्यायच्याच नाहीत, गटाने आपला खर्च आपणच भागवायचा हे तत्त्वच करून टाकलंय. सगळ्यांना हे झेपणार नाही, पण छोट्या छोट्या देणाऱ्यांची संख्या वाढवत नेणं सगळ्यांना झेपतं.

माणसं टिकावीत म्हणून मानधन सुरू करावं का, हा प्रश्न हमखास येतो. पदरचा खर्च, म्हणजे प्रवास, फोन, झेरॉक्स, हा न मागता परत द्या, त्यात काही दुमत नको, नाहीतर फक्त खिसा भरलेले लोकच काम करू शकतात. पण कामासाठी बक्षीस जाहीर करताना जपून. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर एक प्रयोग केला होता, चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना चित्र काढल्यावर सर्टिफिकेट देऊ असं आधी कबूल केलं, तर नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढायला लागली, आणि ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांचं तसं झालं नाही. मोठी माणसं आणि मुलं यांत फरक आहे, पण वर्षाअखेरी उत्कृष्ट कार्यकर्ता पुरस्कार वगैरे जाहीर करण्यापेक्षा काम झाल्याबरोबर नाव घेऊन, नेमकं काय चांगलं केलं ते सांगून आभार मानणं मला कितीतरी बरं वाटतं.

"हे सगळं ठीक आहे पण आमच्याकडे बदलायला माणसंच नाहीत"

हे ऐकलं की मी विचारते, मग काम किती आहे ते मोजलंय का? पहिल्या यादीतल्या प्रत्येक कामापुढे महिन्याला लागणारे तास लिहा, बेरीज करा, आणि दुसरीकडे प्रत्येक माणसाला विचारून तो खरोखर किती तास देऊ शकतो ते लिहा, उत्साहाच्या भरात सांगतो ते नाही तर गेल्या महिन्यात प्रत्यक्ष दिले ते. दुसरी बेरीज पहिलीपेक्षा लहान असेल तर फरक भरून काढणारं कोणीतरी आहे, आणि ते कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी उपक्रम कमी करा. हे सांगताना वाईट वाटतं कारण प्रत्येक उपक्रमामागे कोणाची तरी गरज असते, एखादी शाळा, एखादी वस्ती वाट बघत असते. पण सहा उपक्रम अर्धवट चालवून दोन वर्षांत सगळे बंद पडण्यापेक्षा तीन नीट चालवणं त्या लोकांसाठीही बरं, त्यांना निदान भरवसा राहतो. माणसांसारखीच उपक्रमांनाही शेवटची तारीख घाला, "दोन वर्षांसाठी सुरू करतोय, मग बघू" असं पहिल्याच दिवशी जाहीर केलं की बंद करताना अपयशाचा डाग लागत नाही. नवीन उपक्रम घ्यायचा तर आधी कुठला थांबवणार ते सांगा असा साधा नियम काही वर्षं पाळून बघा.

आणि हो, कामाला माणूस शोधताना ग्रुपवर "कोण करेल?" असं टाकू नका. दीडशे जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचे एकशे एकोणपन्नास आहेत. फ्रान्सचे मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग करून १९१३ साली दाखवलं होतं की ओढणारे जसे वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. एका माणसाला, नाव घेऊन, त्यालाच का विचारतोय ते सांगून, तारखेसकट विचारा. नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यातच असं छोटं, संपणारं काम द्या, नुसतं ग्रुपमध्ये ॲड करून ठेवू नका.

कुठलाच उपाय लागू पडला नाही तर

वर्षभर हे करूनही यादीतला दुसरा रकाना रिकामाच राहिला, तासांची बेरीज जमलीच नाही, तर संस्था बंद करण्याचा विचार मोकळेपणाने मीटिंगमध्ये मांडा. बरेच जण हा विषयच काढू देत नाहीत आणि मग संस्था नुसती नावापुरती उरते, खात्यात थोडे पैसे, कोणीतरी दरवर्षी रिटर्न भरतंय, आणि ज्यांना मदत हवी ते त्या नंबरवर फोन करतायत आणि कोणी उचलत नाही. हे त्या लोकांवर अन्याय करणारं आहे. बंद करायची असेल तर अंगात थोडी शक्ती आणि खात्यात थोडे पैसे शिल्लक आहेत तोवर करा, कारण नीट बंद करायलाही काम लागतं. ज्यांना सेवा मिळत होती त्यांना सगळ्यात आधी, निदान तीन-चार महिने आधी सांगा आणि तेच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेशी त्यांची गाठ घालून द्या, नुसता नंबर देऊ नका. देणगीदारांना शेवटचा हिशोब पाठवा. उरलेला पैसा आणि सामान कोणाला द्यायचं ते बहुतेक नियमावलींमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा आणि तसा ठराव करून इतिवृत्तात घ्या. लोकांची खाजगी माहिती असलेले कागद आणि फाइली, जे कायद्याने ठेवायला लागतात ते सोडून, नष्ट करा, कोणाच्या माळ्यावर टाकू नका. आणि फोन नंबर आणि ईमेल आणखी वर्षभर चालू ठेवा, त्याचा रिचार्ज आणि उत्तर देणारी दोन माणसं आधीच ठरवून.